थंडीत सेल्फ का रुसतो? टू-स्ट्रोक डर्ट बाईकवाल्यांची पत्रं आणि उत्तरं

गारठा पडायला लागला की या सदरात एकाच तऱ्हेची पत्रं यायला लागतात, गाडी दिवसा मस्त चालते पण सकाळी सेल्फ घेत नाही. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि फक्त यावरचेच घेतले. वाचायच्या आधी तुमच्या गाडीबद्दल एक गोष्ट नक्की करा: बटण दाबल्यावर इंजिन नीट फिरतच नाही, की जोरात फिरतंय पण पेटत नाही? ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि बरेच जण पहिल्या दुखण्याला दुसऱ्याचं औषध देत बसतात. बॅटरी दमलेली असते आणि हे कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळ्या) बदलत असतात.

प्रश्न : गाडी रात्रभर बाहेर थंडीत उभी राहिली की सकाळी बटण दाबल्यावर फक्त एक ‘टक्’ होतं आणि मग शांत. दुपारी तीच गाडी एका झटक्यात लागते. बॅटरी लिथियमची आहे, जेमतेम वर्षाची. गेली का?

बहुतेक गेलेली नाही, ती झोपलीय. लिथियम बॅटरी (आपल्या गाड्यांत असते ती लिथियम आयर्न फॉस्फेटची) थंड झाली की तिचा आतला रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे आत करंट आहे पण तो एकदम जोरात बाहेर येत नाही, आणि सेल्फला तर तो एकदमच लागतो. गंमत अशी की थोडा करंट काढला की ती आतून स्वतःच गरम होते आणि मग जागी होते. म्हणून पहिल्या दाबण्याला ‘टक्’, दुसऱ्याला थोडं कण्हल्यासारखं फिरणं आणि तिसऱ्या-चौथ्याला एकदम जोरात, असं होत असेल तर ती बॅटरी चांगलीच आहे, ते तिचं वागणंच तसं आहे.

तुमचा हेडलाईट इंजिन बंद असताना लागत असेल तर तो मिनिट दोन मिनिटं लावून ठेवा आणि मग सेल्फ मारा. बऱ्याच डर्ट बाईकवर लाईट इंजिन चालू झाल्यावरच लागतो, तसं असेल तर बटण दोन-तीन सेकंद दाबा, सोडा, मिनिटभर थांबा, परत दाबा. हे मिनिटभर थांबणं लोकांना जमत नाही, तिथंच चुकतं, बटण धरून ठेवतात आणि बॅटरी खरोखर संपवतात. एका वेळी ५ सेकंदांच्या वर कधीच दाबू नका आणि मध्ये निदान ३० सेकंद द्या, मोटर छोटी आहे, ती आतून तापते आणि वाइंडिंग जळतं.

आणि एक महत्त्वाचं, ही बॅटरी ० अंशाच्या खाली थंड असताना चार्जरला लावायची नाही. थंडीत चार्ज केली की आत लिथियमचा थर बसतो आणि ते नुकसान परत भरून येत नाही. काढून घरात आणा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा. चार्जर लिथियमला चालणारा हवा, लेड-ॲसिडच्या चार्जरमधला तो ‘रिकव्हरी’चा मोड हिला चालत नाही. खरं सांगायचं तर कडक थंडीत रात्री बॅटरी काढून घरात ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे, दोन स्क्रू तर असतात. मी स्वतः हे करायला लागल्यापासून सकाळचा निम्मा त्रास संपला.

प्रश्न : मीटर लावून बघितलं, बॅटरी १२.८ व्होल्ट दाखवते म्हणजे फुल आहे ना? तरी इंजिन मरगळल्यासारखं फिरतं.

बॅटरी कुठली यावर आहे. लेड-ॲसिड असेल तर १२.७-१२.८ म्हणजे फुल, बरोबर. पण लिथियम असेल तर १२.८ म्हणजे ती जवळजवळ रिकामी झालीय, फुल असताना ती विश्रांतीला १३.३ च्या आसपास बसते. हा आकड्याचा गोंधळ इतक्या लोकांचा होतो की काय सांगू, जुन्या बॅटरीची सवय डोक्यात असते आणि नवीन लिथियमला तीच मोजपट्टी लावतात.

दुसरं असं की नुसतं उभ्या उभ्या मोजलेल्या व्होल्टेजला फार अर्थ नाही, सेल्फ दाबलेला असताना किती उरतं ते बघा. मीटर बॅटरीलाच लावून ठेवा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. १० च्या वर राहिलं तर बॅटरी बरी म्हणायची, ९ च्या खाली कोसळलं तर चार्ज नाही किंवा बॅटरी गेली. आणि बॅटरीला व्होल्टेज चांगलं राहतंय तरी मोटर मरगळतेय, तर करंट वाटेत कुठंतरी अडकतोय. आता मीटरचा एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं सेल्फ मोटरच्या नटावर ठेवा आणि बटण दाबा. इथं अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर ती वायर, रिले (बटणाच्या हुकमाने मोटरला करंट जोडणारा स्विच) किंवा मधला एखादा जोड करंट खातोय. मग तसंच बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांच्यात बघा, तिथं ०.२-०.३ च्या वर नको. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा अर्थिंगलाच सापडतो, बोल्टच्या खाली रंग किंवा गंज राहिलेला असतो. तो घासून चकचकीत करायचा, घट्ट करायचा, वरून थोडं डायलेक्ट्रिक ग्रीस लावायचं. उन्हाळ्यात हा दोष लपून राहतो कारण इंजिन हलकं फिरतं, थंडीत मात्र उघडा पडतो.

ही टेस्ट करताना इंजिन चालू होऊ नये म्हणून किल बटण (इंजिन बंद करायचं बटण) दाबून ठेवा. प्लग काढून टेस्ट करणार असाल तर तो कॅपमध्येच ठेवून सिलेंडरला टेकवून ठेवा, कॅप नुसती मोकळी लोंबकळत ठेवून इंजिन फिरवलं की सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जायची भीती असते.

आवाजावरूनही बरंच कळतं. एकच ‘टक्’ म्हणजे रिलेला हुकूम पोचला पण मोटरला ताकद पोचली नाही, ‘टकटकटक’ असा सलग आवाज म्हणजे बॅटरी दाबाखाली बसतेय आणि रिले सुटतोय-लागतोय, आणि काहीच आवाज नाही म्हणजे बटण, फ्यूज किंवा वायरिंग बघा, बॅटरीच्या मागे लागू नका.

प्रश्न : मोटर फिरल्याचा ‘झुईं’ आवाज येतो पण इंजिन हलत नाही, कधी कधी करकर असा दात घासल्याचा आवाज येतो. जुनी ३०० सीसीची केटीएम आहे. फक्त थंडीत होतं.

हे बेंडिक्सचं, म्हणजे सेल्फ मोटरला इंजिनशी जोडणाऱ्या गियरचं दुखणं. केटीएमने २००८ च्या मॉडेलांपासून २५०-३०० टू-स्ट्रोकला सेल्फ दिला, त्या काळच्या रचनेत मोटरच्या पुढं एक छोटा गियर सर्पिल आट्यांच्या शाफ्टवर बसलेला असतो. मोटर झटक्यात फिरली की तो गियर स्वतःच्या जडपणामुळे मागे राहतो, आट्यांवरून सरकत पुढं येतो आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाच्या) दात्यांत शिरतो. २०१७ च्या नव्या इंजिनात त्यांनी मोटर इंजिनच्या खाली नेली आणि रचना बदलली, पण जुन्या गाड्या अजून भरपूर चालतात म्हणून हे नीट सांगतो.

म्हणजे दोन गोष्टी जमून याव्या लागतात: मोटरने एकदम वेग घेतला पाहिजे आणि तो गियर शाफ्टवर मोकळा सरकला पाहिजे. थंडीत दोन्ही बिघडतं. बॅटरी कमी पडली की मोटर हळूहळू वेग घेते, मग गियरला पुढं फेकलंच जात नाही, तो अर्धवट येऊन दात्यांवर घासतो, करकर तीच. आणि शाफ्टवर जाड ग्रीस असेल तर ते गारठून मेणासारखं होतं. बऱ्याच लोकांनी मायेपोटी तिथं भरपूर ग्रीस थापलेलं असतं आणि त्यानंच सगळं अडतं. उघडा, सॉल्व्हंटने स्वच्छ धुवा, सुकवा, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढंच पातळ वंगण नुसतं पुसल्यासारखं लावा. दात्यांची टोकं गोल झाली असतील तर मात्र साफ करून भागणार नाही, गियर बदलावा लागेल आणि फ्लायव्हीलवरचे दातेही बघून घ्या.

इंजिन पूर्ण थांबायच्या आत परत बटण दाबणं ही सवय आजपासून सोडा. एकदा पेटून विझलं की लोक लगेच दाबतात, फ्लायव्हील अजून फिरत असतं, आणि दाते तिथंच खलास होतात.

प्रश्न : मी दोन वर्षं २५० सीसीची चालवतेय, कार्बची (कार्बोरेटरची) गाडी आहे. सेल्फ मस्त फिरतो पण थंडीत पेटतच नाही. चोक ओढते आणि थोडा थ्रॉटल देऊन सेल्फ मारते तरी नाही. बॅटरी संपेपर्यंत प्रयत्न करून झालाय.

ताई, तुमचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, तो ‘थोडा थ्रॉटल’ देऊ नका. आपण ज्याला चोक म्हणतो ती या कार्बमध्ये हवा अडवणारी झडप नसतेच. ती एक वेगळी छोटी वाट आहे, नॉब ओढला की ती उघडते आणि इंजिनच्या ओढीने जास्तीचं पेट्रोल तिच्यातून वर येतं. ही ओढ तेव्हाच जोरात असते जेव्हा स्लाईड (थ्रॉटलने वर उचलली जाणारी कार्बमधली पट्टी) खाली बसलेली असते. तुम्ही थ्रॉटल उघडला की हवेला मोठा रस्ता मिळाला, ओढ गेली आणि चोक ओढलेला असूनही काही काम करत नाही. थ्रॉटल पूर्ण बंद ठेवा, हात लावू नका, चोक पूर्ण वर, आणि मग सेल्फ. गाडी पेटल्यावरही लगेच पिळू नका, स्वतःच्या पायावर उभी राहू द्या. निम्म्या लोकांची गाडी एवढ्यानंच लागते, खरंच.

तरी लागली नाही तर पुढचं बघा. थंड पेट्रोलची वाफ कमी होते आणि थंड हवा दाट असते, ३० अंशांवरून ० अंशाला आलात तर हवा साधारण ११ टक्के दाट झालेली असते. म्हणजे उन्हाळ्यात बरोबर बसलेलं जेटिंग (जेटांची जुळणी) हिवाळ्यात आपोआप लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. स्टार्टिंगला आणि आयडलला पायलट जेट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट) महत्त्वाचा, मेन जेटच्या (मोठ्या थ्रॉटलच्या जेटच्या) मागे लागायचं कारण नाही. आधी एअर स्क्रू फिरवून बघा. टू-स्ट्रोकच्या या कार्बांवर तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा सोडतो, म्हणून आत फिरवला की रिच (पेट्रोल जास्त), बाहेर काढला की लीन, हे उलटं लक्षात ठेवणारे पुष्कळ भेटतात. इंजिन गरम करून सगळ्यात चांगलं आयडल कुठं मिळतं ते शोधा. स्क्रू पूर्ण बंद अवस्थेपासून १ फेऱ्याच्या आतच चांगलं चालत असेल तर पायलट जेट एक नंबर मोठा टाका, अडीच फेऱ्यांच्या बाहेर गेलात तर एक नंबर लहान. ३८ असेल तर ४०, एकदम उडी मारू नका.

गाडी दोन-तीन आठवडे उभी होती का? मग फ्लोट बाऊलमधलं (कार्बच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल बदला. पेट्रोलमधला पटकन उडणारा भाग निघून जातो, तो भागच थंडीत पेटायला कामाचा असतो, आणि मागे उरतं ते तेलकट शिळं. खालचा ड्रेन बोल्ट उघडा, सोडून द्या, ताजं भरू द्या, पाण्याचे थेंब असतील तर तेही दिसतील. उभी करायच्या आधी पेट्रोल कॉक बंद करून बाऊल संपेपर्यंत इंजिन चालवायची सवय लावून घ्या.

एक जुनी युक्ती पण आहे, सुरू करायच्या आधी गाडी बाजूला इतकी कलवायची की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोलचे दोन-चार थेंब पडतील. त्याने कार्बच्या आत थोडं पेट्रोल चढतं आणि पहिल्या फेरीलाच इंजिनला मिळतं. चालते ही युक्ती, पण सांडलेलं पेट्रोल वाळू द्या, बंद शेडमध्ये करू नका, जवळ हीटर किंवा जाळ नको.

आणि आता इतके प्रयत्न झालेत म्हणजे तुमचा प्लग ओला झालेलाच असणार. प्लग काढा, नवीन टाका, जुना पुसून परत टाकण्यात वेळ घालवू नका. चोक बंद, पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काही फेऱ्या मारून इंजिन मोकळं करा, मग पहिल्यापासून सुरू करा. खिशात एक नवीन प्लग आणि पाना कायम असू द्या.

प्रश्न : किकने दुसऱ्या-तिसऱ्यात लागते, सेल्फने कितीही मारा नाही लागत. मग दोष कशात?

फिरण्याच्या वेगात. या गाड्यांची स्पार्कची वीज बहुतेक करून फ्लायव्हीलच्या आतल्या कॉईलमधून येते, म्हणजे इंजिन जितकं जोरात फिरेल तितका स्पार्क दमदार. किकचा एक झटका क्षणभर का होईना पण जोरात फिरवतो, गारठलेला सेल्फ सारखा फिरतो पण हळू फिरतो, स्पार्कही अशक्त आणि कार्बची ओढही अशक्त. म्हणून सेल्फवरचं ओझं कमी करायचं बघा.

सगळ्यात मोठं ओझं क्लचचं. गियरबॉक्सचं तेल थंडीत घट्ट होतं आणि क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून बसतात. गाडी गियरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी मागे-पुढे ढकला, आधी चाक अडेल आणि मग एकदम मोकळं होईल, तेव्हा प्लेटा सुटल्या. आता न्यूट्रल करा आणि क्लच दाबूनच सेल्फ मारा. तेलाच्या डब्यावर ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, तो जितका लहान तितकं थंडीत तेल वाहतं, पण बदल मॅन्युअलमध्ये परवानगी आहे तेवढाच करा, आपल्या मनाने कुठलंही पातळ तेल ओतलं की क्लच घसरायला लागतो.

मी सकाळी करतो ते सांगतो. चोक ओढतो, किल बटण दाबून चार-पाच किका हळू मारतो, म्हणजे आत पेट्रोल येतं आणि तेलाचा चिकटपणा मोडतो. मग किकने पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाच्या जेमतेम पुढं आणून ठेवतो. आता सेल्फ दाबला की मोटरला लगेच कॉम्प्रेशनशी झुंजावं लागत नाही, तिला धावायला थोडी मोकळी जागा मिळते आणि ती वेग घेऊन पुढच्या कॉम्प्रेशनवर जाते. फरक जाणवतो, करून बघा. ज्यांच्या गाडीला किकच नाही त्यांना हेच गाडी गियरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवून करता येतं.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात लागायची, यंदा सगळं नवीन करून पण नाही लागत.

मग इंजिन झिजलंय का ते बघा. टू-स्ट्रोकचं क्रँककेस (पिस्टनच्या खालचा बंद कप्पा) हाच पंप असतो, तिथं ओढ कमी झाली की थंडीत आधी कळतं. रीड (हवा-पेट्रोल एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पाकळ्या) काढून उजेडाकडे धरा, पाकळीचं टोक तुटलंय किंवा फट दिसतेय तर बदला. क्रँकच्या डाव्या बाजूचं सील गेलं असेल तर हवा चोरून आत येते, मिश्रण लीन होतं, गाडी मुश्किलीने लागते आणि लागल्यावर आयडल वर चढून अडकल्यासारखं राहतं. तसं आयडल दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका, आधी सील बदला, नाहीतर पिस्टन जाईल. आणि रिंगा झिजल्या की कॉम्प्रेशनची उष्णताच कमी मिळते, गरम इंजिनमध्ये ते झाकलं जातं. कॉम्प्रेशन गेजने इंजिन चांगलं असतानाच मोजून आकडा लिहून ठेवला असेल तर आता तुलना करता येते.

प्रश्न : इंजेक्शनची टू-स्ट्रोक घेतली, कार्बच नाही मग थंडीचा त्रास का?

कारण तिला वीज जास्त लागते. २०१८ च्या मॉडेलांपासून जी टीपीआय (ट्रान्सफर पोर्ट इंजेक्शन) इंजिनं आली त्यांत पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळं बॅटरीच्या व्होल्टेजवर बसलेलं आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की ईसीयू मध्येच बंद पडून परत चालू होतो, इंजिन फिरताना दिसतं पण पेट्रोलच नाही. तेव्हा आधी बॅटरी. इग्निशन चालू केल्यावर पंपाचा बारीक आवाज येतो, तो थांबेपर्यंत थांबा आणि मगच बटण. कोल्ड स्टार्टचं बटण मॅन्युअलप्रमाणे वापरा आणि गरम झाल्यावर बंद करायला विसरू नका.

प्रश्न : संध्याकाळी धुतली, सकाळी बटण मेलेलं.

बटणात किंवा रिलेच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून गोठलंय. उकळतं पाणी ओतू नका, गाडी आत घ्या, सुकू द्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. थंडीत धुतल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवून वाफ काढून मगच उभी करा.

प्रश्न : एकदाची लागली की लगेच निघायचं की थांबायचं? आयडलवर उभी करून ठेवली तर प्लग खराब होतो म्हणतात.

थांबायचं. पिस्टन आतल्या जाळाने पटकन गरम होऊन फुगतो, बाहेर सिलेंडरभोवती अजून गार पाणी असतं, मधली फट कमी होत जाते आणि त्यात तुम्ही थ्रॉटल पिळलात की पिस्टन सिलेंडरला धरतो. ही थंड सीझ होते कुणाची, तर घाईघाईत निघणाऱ्यांची, आणि इंजिन नवीन असलं तरी होते. आयडलच्या जरा वर, हलकं हलकं चालू ठेवा, चोक जितक्या लवकर काढता येईल तितक्या लवकर काढा कारण प्लग खराब होतो तो आयडलमुळे कमी आणि जास्त वेळ ओढलेल्या चोकमुळे जास्त. सिलेंडरला आणि मग रेडिएटरच्या वरच्या भागाला हात लावून बघा, दोन्ही कोमट लागले की निघा, आणि पहिली काही मिनिटं अर्ध्या थ्रॉटलच्या वर जाऊ नका.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर हे सगळं करायच्या आधी ते बदला. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि रेडिएटर किंवा सिलेंडर फोडतं. निम्मं पाणी निम्मं इथिलीन ग्लायकॉल असलं की ते -३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. आणि ज्या सकाळी पाणी गोठल्याची शंका येईल त्या सकाळी सेल्फच मारू नका, कारण वॉटर पंपाची पाती बर्फात अडकलेली असतात आणि पहिल्याच झटक्याला मोडतात.